गजकर्ण, गळू आणि घरातली ती एक ट्यूब

पावसाळा लागला की आमच्या दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप बदलते. मृग संपून आर्द्रा नक्षत्र लागले, की खाजवीत येणाऱ्यांची रांग सुरू होते. कुणी भातलावणी आटोपून पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या घेऊन येतो, कुणी पोराच्या गुडघ्यावरच्या पुटकुळ्या दाखवितो, तर कुणी सगळे पेशंट गेल्यावर हळूच आत येऊन जांघेतल्या खाजेची तक्रार दबक्या आवाजात सांगतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कपडे वाळत नाहीत, अंग कोरडे राहत नाही. जंतूंना आणि बुरशीला याहून चांगले दिवस कोणते?

हे रोग जिवावर बेतणारे नाहीत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. म्हणून आज या साध्या वाटणाऱ्या त्वचारोगांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. सुरुवात मात्र माझ्याच एका चुकीपासून करतो.

माझीच चिठ्ठी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. टेम्पो चालविणारा एक तरुण दवाखान्यात आला. वय सव्वीस-सत्तावीस. खिशातून एक चेपलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "डॉक्टर, दुसरं काही नको. हीच ट्यूब परत लिहून द्या. दुकानदार म्हणतो, चिठ्ठी जुनी झाली."

"अरे, पण झालंय काय ते तर दाखव," मी म्हटले.

बरेच आढेवेढे घेतल्यावर त्याने दाखविले. दोन्ही जांघा, कमरेचा पूर्ण पट्टा आणि पाठीचा खालचा भाग गजकर्णाने व्यापला होता. एका कड्यात दुसरे कडे, त्यात तिसरे. जांघेतील कातडी कागदासारखी पातळ झालेली आणि तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर दिसतात तसे लांब लांब लालसर ओरखडे. आठ महिने तो ही ट्यूब लावीत होता.

"ही तुला दिली कुणी?"

"तुम्हीच की! ही बघा ना, तुमचीच चिठ्ठी आहे."

चिठ्ठी पाहिली. अक्षर माझेच होते. पण नाव त्याच्या आईचे. चार वर्षांपूर्वी तिच्या हातांवरील इसबासाठी मी ते मलम लिहून दिले होते. मलम त्या रोगासाठी योग्यच होते. तिचे इसब बरे झाले. उरलेली ट्यूब आणि चिठ्ठी मात्र घरात राहिली. मग थोरल्या भावाला खाज सुटली तेव्हा ती कामी आली, वहिनीला आली तेव्हा आली आणि शेवटी या मुलाला. चिठ्ठीवर 'किती दिवस लावायचे' हे मी लिहिले नव्हते. 'संपल्यावर पुन्हा घेऊ नये' हेही लिहिले नव्हते. चूक दुकानदाराची होती, घरच्यांची होती, पण पहिली चूक माझी होती.

त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल नावाचे तीव्र स्टेरॉईड होते. ते इसबाला चालते. गजकर्णाला ते खताप्रमाणे काम करते. असे का, ते समजण्यासाठी त्वचेवर हल्ला करणारे दोन निरनिराळे शत्रू आपण आधी ओळखले पाहिजेत.

दोन शत्रू, दोन स्वभाव

आपली त्वचा म्हणजे शरीराभोवतीचा तट. या तटाला भेग पडली, चिरा गेल्या, सतत ओल राहिली, की बाहेरचे जीव आत शिरतात. त्यातील पहिला शत्रू जिवाणू. यात 'स्टॅफिलोकॉकस' आणि 'स्ट्रेप्टोकॉकस' या दोन जाती मुख्य. दुसरा शत्रू बुरशी. ओल्या लोणच्यावर किंवा भिंतीवर धरते तिचीच ही दूरची भावंडे, पण ही माणसाच्या कातडीवर, केसांवर आणि नखांवर जगतात.

दोघांचा स्वभाव वेगळा आहे. घरच्या घरी अंदाज बांधायचा असेल तर एक साधी खूण लक्षात ठेवा. जे दुखते, हाताला गरम लागते, दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढते आणि ज्यात पू होतो, ते बहुधा जिवाणूंचे. जे दुखत नाही पण खाजते, आठवड्या-आठवड्यांनी हळूहळू पसरते आणि ज्याची कड उठून दिसते, ते बहुधा बुरशीचे. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण फसगत होऊ शकते. पण हा फरक महत्त्वाचा, कारण जिवाणूंचे औषध बुरशीला लागू पडत नाही आणि बुरशीचे औषध जिवाणूंना नाही.

जिवाणूंचे रोग

पुटकुळ्या. लहान मुलांच्या नाकाखाली, हनुवटीवर, हातापायांवर आधी पाण्याचे फोड येतात, ते फुटतात आणि त्यावर मधासारखी पिवळसर खपली धरते. या रोगाला इंग्रजीत 'इम्पेटायगो' म्हणतात. अतिशय सांसर्गिक. एका पोराला झाला की आठवड्यात भावंडांना आणि अंगणवाडीतील सोबत्यांना होतो. खरजेवर किंवा डास चावून खाजविलेल्या जागी तो हमखास बसतो.

उपचार सोपा आहे. कोमट पाण्याने व साबणाने खपली हळुवार भिजवून काढावी आणि डॉक्टरांनी दिलेले म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचे मलम सांगितले तितके दिवस लावावे. फोड पुष्कळ असतील किंवा ताप असेल, तर पोटातून अँटिबायोटिक द्यावे लागते. मुलाची नखे कापावीत, त्याचा टॉवेल वेगळा ठेवावा.

हा रोग हसण्यावारी नेऊ नका, असे का म्हणतो तेही सांगतो. माझ्याकडे सहा वर्षांची एक मुलगी आली होती. सकाळी उठली की डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी आणि रंगाने कोऱ्या चहासारखी. आईला वाटले, उन्हात खेळली. पायांकडे पाहिले तर पुटकुळ्यांचे सुकलेले काळे डाग. "या केव्हाच्या?" विचारले. "त्या तर तीन आठवड्यांपूर्वीच बऱ्या झाल्या," आई म्हणाली. स्ट्रेप्टोकॉकसच्या काही जाती त्वचेवरील आजार ओसरल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज आणतात. मुलीचा रक्तदाब वाढला होता. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले आणि सुदैवाने ती पूर्ण बरी झाली. बहुतेक मुले बरी होतात. पण पुटकुळ्या होऊन गेलेल्या मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी लालसर-काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

केसतूड, करट, गळू. केसाच्या मुळाशी स्टॅफिलोकॉकस शिरला की केसतूड होते. तेच खोल गेले, ठणकू लागले, की त्याला आपण करट किंवा गळू म्हणतो. स्वच्छ फडके गरम पाण्यात बुडवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा शेकल्याने पुष्कळ करटे आपोआप फुटतात. पिकलेले मोठे गळू डॉक्टरांकडून चिरा देऊन मोकळे करून घ्यावे लागते. आत पू साठलेला असताना नुसत्या गोळ्यांनी ते बसेल, या आशेवर राहू नये. करट कधीही पिळू नका. नाक आणि वरचा ओठ या भागातील करट तर मुळीच नाही, कारण तेथील शिरांचा मेंदूकडील शिरांशी संबंध असतो आणि पिळल्याने जंतू आत ढकलले जाऊ शकतात. वारंवार करटे होत असतील, तर रक्तातील साखर तपासून घ्या. कित्येकांचा मधुमेह मला आधी करटांनीच सांगितला आहे.

धावरे. पाय एकाएकी लाल होतो, सुजतो, हात लावू देत नाही, थंडी वाजून ताप भरतो आणि लाली तासातासाला वर चढते. जंतू त्वचेच्या खोल थरांत शिरलेले असतात. आमच्याकडे अजूनही काही घरांत आधी 'उतरविणारा' बोलावतात. कृपा करून तो वेळ घालवू नका. यावर अँटिबायोटिक हेच औषध आहे, ते लवकर सुरू व्हावे लागते आणि पाय उशीवर उंच ठेवून विश्रांती घ्यावी लागते. मी अशा रुग्णाच्या पायावर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवतो. औषध सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनीही लाली ती रेघ ओलांडून पुढे जात राहिली किंवा ताप उतरला नाही, की रुग्णालयात दाखल करायचे. ही युक्ती घरच्यांनाही करता येते.

बुरशीचे रोग

गजकर्ण किंवा नायटा. गोल चकत्या, कड लालसर व खवल्यांची, मध्यभाग त्यामानाने साफ. कडे बाहेर बाहेर वाढत जाते. जांघ, कंबर, काख, स्तनांखाली, नितंबांवर अधिक. मुलांच्या डोक्यात झाले तर केस तुटून चट्टे पडतात. डोक्यातील गजकर्णाला नुसते मलम पुरत नाही, गोळ्याच लागतात.

गजकर्णाला आपल्याकडे औषधाची परंपरा जुनी आहे. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो त्या टाकळ्याला आयुर्वेदात 'चक्रमर्द' आणि 'दद्रुघ्न' अशी नावे आहेत, म्हणजे चकती मोडणारा, गजकर्णाचा नाश करणारा. आम्ही विद्यार्थी असताना सरकारी दवाखान्यात व्हिटफिल्डचे मलम मिळे. लावले की चुरचुरायचे, पण चिकाटीने लावणारा बरा होई. आज क्लोट्रिमाझोल, टर्बिनाफिन, ल्युलिकोनाझोल अशी कितीतरी चांगली मलमे आहेत. तरीही गजकर्ण पूर्वीपेक्षा चिवट झाले आहे, हा माझाच नव्हे, तर देशभरातील डॉक्टरांचा अनुभव आहे. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीची एक जात आपल्या देशात पसरली आहे. २०२० साली जपानमधील संशोधकांनी तिथे राहणाऱ्या भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून ती वेगळी ओळखली. तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव पडले. नावातच आपला देश आला, याचा अभिमान वाटण्याजोगे काही नाही.

चिखल्या. पायाची बोटे सतत ओली राहिली, की बेचक्यातील कातडी पांढरी, लिबलिबीत होते, सोलते, खाजते, वास मारते. विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधे. लावणीचा चिखल, पावसाळी प्लॅस्टिकचे बूट, ओले मोजे ही कारणे. मधुमेही माणसाने चिखल्यांना विशेष भ्यावे. ते का, हे पुढे सांगतो.

शिबे. छाती, पाठ, मान, दंड यांवर फिकट पांढरट किंवा तपकिरी ठिपके, नखाने खरवडले की बारीक कोंडा निघतो. हीही बुरशीच, पण ती प्रत्येकाच्या अंगावर असते, घामाने माजते. एकाची दुसऱ्याला लागत नाही. 'हे कोड तर नाही? महारोग तर नाही?' असे विचारीत लोक घाबरून येतात. नव्हे. मात्र फिकट चट्ट्याच्या जागी स्पर्श कळत नसेल, टोचलेले समजत नसेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाचे औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

एकाच्या दारातून दुसरा

आमच्या गावातील एक निवृत्त गुरुजी. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह पंधरा वर्षांचा. साखर तपासायला आले की मी त्यांना पाय दाखवा म्हणे आणि ते म्हणत, "डॉक्टर, चिखल्या काय, दर पावसाळ्यात होतात. खोबरेल लावलं की बसतात."

एका श्रावणात रात्री अकरा वाजता त्यांचा मुलगा बोलवायला आला. गुरुजींना हुडहुडी भरली होती, ताप १०३ आणि डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लालभडक. धावरे. बोटे विलगून पाहिली, तर चौथ्या बेचक्यात चिखलीची उभी चीर. बुरशीने दार उघडले होते आणि त्या दारातून जिवाणू आत शिरले होते. रात्रीच गाडी करून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी हलविले. नऊ दिवस शिरेतून औषधे द्यावी लागली. पाय वाचला. गुरुजी परत आल्यावर म्हणाले, "चार पैशांच्या मलमाचं काम होतं, डॉक्टर. ते मी केलं नाही."

मधुमेह्याला पायातील वेदना कमी कळतात आणि जखम भरायला वेळ लागतो. म्हणून रोज रात्री झोपण्यापूर्वी पाय धुऊन, बोटांची बेचकी कोरडी करून, दिव्याखाली पाहणे हा त्याच्या औषधाचाच एक भाग आहे. स्वतःला वाकता येत नसेल तर सुनेला, नातवाला पाहायला सांगावे. त्यात संकोच कसला?

स्टेरॉईडने काय होते

आता त्या ट्यूबकडे वळू. खाज आणि लाली ही खरे तर शरीराने बुरशीविरुद्ध पुकारलेल्या लढाईची लक्षणे असतात. स्टेरॉईड ती लढाईच थांबविते. म्हणून दोन दिवसांत खाज जाते, लाली फिकट होते आणि रुग्णाला वाटते, काय जादूचे मलम आहे! बुरशी मात्र मेलेली नसते. तिला अडविणारे कुणी उरत नाही, ती निर्धास्त पसरते. मलम थांबविले की दुप्पट खाज सुटते, पुन्हा मलम लावले जाते आणि माणूस या फेऱ्यात महिनोन्महिने अडकतो.

दुसरी अडचण निदानाची. कडे पुसट होते, खवले जातात, गजकर्ण हे गजकर्णासारखे दिसतच नाही. १९६८ साली ब्रिटनमधील दोन डॉक्टरांनी अशा वेष पालटलेल्या गजकर्णाला 'टिनिआ इनकॉग्निटो' असे नाव दिले, म्हणजे ओळख लपविलेले गजकर्ण. तेव्हा ते क्वचित दिसे. आज मला आठवड्यातून अनेकदा दिसते. शिवाय त्वचा पातळ होते, जांघेत-काखेत ओरखडे पडतात आणि ते ओरखडे कायमचे राहतात. चेहऱ्यावर गोरे होण्यासाठी ही मलमे लावणाऱ्या मुलींना मुरुमे, लव आणि लालीचा त्रास होतो तो वेगळाच.

बाजारात 'तीन औषधे एकात', 'चार औषधे एकात' अशी मिश्र मलमे मिळतात. जिवाणूंचे औषध, बुरशीचे औषध आणि वर स्टेरॉईड. रोग ओळखण्याचे कष्ट नकोत, काहीतरी लागू पडेलच, असा हा अंधारात मारलेला दगड आहे. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉईडच्या अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री करण्यास मनाई केली. त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यांत त्वचेवर लावायची काही मिश्रणेही होती. तरीही 'खाजेची एक ट्यूब द्या' म्हटले की काही ठिकाणी ती मिळते, हे आपण सारेच जाणतो.

आपल्या हाती एक उपाय आहे. ट्यूबवरील नावे वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल, तर ते स्टेरॉईड आहे. गजकर्णावर ते आपल्या मनाने लावू नका. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

मात्र उलट टोकालाही जाऊ नका. स्टेरॉईड म्हणजे विष नव्हे. इसबासारख्या रोगात डॉक्टरच्या सल्ल्याने, ठरावीक दिवस लावल्यास ते फार उपयोगी औषध आहे. आपल्याला कुणी ते लिहून दिले असेल, तर 'कशासाठी आणि किती दिवस' हे विचारून घ्या.

गजकर्णाचा योग्य उपचार

१. निदान आधी. शंका असेल तेथे डाग खरवडून निघालेले खवले पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. तपासणी साधी आहे, दुखत नाही. तपासणीआधी मलम लावून जाऊ नये.

२. मलम डागावर आणि डागाच्या कडेबाहेर दोन बोटे रुंदीपर्यंत लावावे, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे पोहोचलेली असते. अंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडे करून लावावे.

३. डाग गेला म्हणजे रोग गेला असे नव्हे. डाग दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे मलम चालू ठेवावे. आपल्याकडील निम्मे 'न बरे होणारे' गजकर्ण हे अर्ध्यावर सोडलेले गजकर्ण असते, असे माझे मत आहे.

४. डाग पुष्कळ असतील किंवा जुने असतील, तर पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात, त्याही काही आठवडे. या गोळ्या यकृताच्या आणि हृदयाच्या रुग्णांना जपून द्याव्या लागतात, इतर काही औषधांशी त्यांचे जमत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या आपण घेऊ नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तसे आधीच सांगावे.

५. घरात ज्यांना ज्यांना खाज आहे, त्या सर्वांचा उपचार एकाच वेळी. नाहीतर आज मुलाचे बरे, उद्या वडिलांकडून पुन्हा मुलाला, असे ते घरातच फिरत राहते.

सुना-मुली जांघेतील किंवा छातीखालील गजकर्ण लाजेपोटी महिनोन्महिने अंगावर काढतात. हा रोग अस्वच्छ चारित्र्याचा नव्हे, ओल्या कपड्यांचा आहे. डॉक्टर पुरुष असेल तर सासूला, आईला सोबत आणा, किंवा आरोग्य केंद्रातील डॉक्टर बाईंना दाखवा. पण दाखवा.

घरातली पथ्ये

प्रत्येकाचा टॉवेल आणि आतले कपडे वेगळे. रुग्णाचे कपडे गरम पाण्यात वेगळे धुवावेत. पावसात ऊन मिळत नाही, तेव्हा वाळलेल्या कपड्यांना, विशेषतः आतल्या कपड्यांच्या शिवणींना उलट बाजूने इस्त्री फिरवावी. घट्ट जीन्स पावसाळ्यात टाळून सुती, सैल कपडे वापरावेत. कमरेचा करगोटा सतत ओला राहतो आणि त्याखाली बुरशी दडते. उपचार चालू असताना तो काढून ठेवलेला बरा. ज्यांना काढायचा नसेल त्यांनी निदान वरचेवर बदलून कोरडा ठेवावा. जोडव्यांखालील आणि अंगठीखालील जागाही कोरडी करावी. शेतातून आल्यावर पाय धुणे आपण करतोच, पुसणे विसरतो. बेचकी पुसा.

लसूण चोळणे, रॉकेल, बॅटरीचे पाणी, तंबाखूची राख हे प्रकार करू नयेत. लसणीने भाजल्यासारखे फोड आलेले आणि मग त्यांत पू झालेले रुग्ण मी दरवर्षी पाहतो.

लगेच डॉक्टरांकडे केव्हा जावे?

त्वचेवरील लालीबरोबर थंडी-ताप असेल, लाली भराभर पसरत असेल, दिसते त्यामानाने वेदना फारच जास्त असतील, कातडी काळी-निळी पडत असेल, डोळ्याभोवती सूज-लाली असेल, किंवा रुग्ण तान्हे बाळ अथवा मधुमेही असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

तो टेम्पोवाला तरुण पुढे बरा झाला. ट्यूब बंद केल्यावर पहिले दहा दिवस त्याला असह्य खाज सुटली. दोनदा येऊन माझ्याशी भांडला, "डॉक्टर, तुमच्या औषधाने वाढलंय!" होणार हे आधीच सांगून ठेवले होते म्हणून टिकला. भाऊ, वहिनी आणि तो, तिघांनाही एकदमच औषध दिले. साडेतीन महिने लागले. जांघेतील ओरखडे मात्र राहिले, ते आयुष्यभर राहतील. शेवटच्या भेटीत त्याने विचारले, "हे जाणार नाहीत का हो?" मी नाही म्हटले. त्यावर तो काही बोलला नाही.

त्या दिवसापासून स्टेरॉईडची चिठ्ठी लिहिताना मी खाली मोठ्या मराठी अक्षरांत लिहितो: 'इतके दिवसच. फक्त याच रुग्णासाठी. पुन्हा देऊ नये.' आज हा लेख वाचून झाल्यावर आपणही एक काम करा. कपाटातला, देवळीतला औषधांचा डबा काढा. त्यातील अर्धवट ट्यूबा पाहा. ज्या कुणासाठी आणि कशासाठी आणल्या होत्या ते आठवत नाही, त्या फेकून द्या.

पुढील आठवड्यात रात्री झोप उडविणाऱ्या खरजेविषयी.